नवा रंग, जुना तवा



मुलगा परदेशात असला की आईबापांच्या वाट्याला दोन कामे येतात. जाताना लोणच्याची बरणी सामानात फुटणार नाही ना, याची काळजी वाहणे हे पहिले, आणि परत आल्यावर "काय काय पाहिलंत?" या प्रश्नाला घरोघरी उत्तर देणे हे दुसरे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही आणि आमच्या आयुष्मती चिरंजीवांकडे दोन महिने राहून आलो. तिथले पूल, रस्ते आणि दुकाने यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. आम्ही आज एका साध्या खानावळीविषयी लिहिणार आहोत. कारण त्या दोन महिन्यांत आम्हाला जे शिकायला मिळाले, ते तिथल्याच एका टेबलावर.

चिरंजीव राहतात ते कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात. त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, कोपऱ्यावर, एका मेक्सिकन कुटुंबाची खानावळ आहे. 2018 साली आम्ही पहिल्यांदा गेलो होतो, तेव्हा ती जुनीच होती. टेबलांवर फुलाफुलांचे प्लास्टिक, भिंतीचा रंग उडालेला, दार असे की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने मागे सरावे. पण आत शिरल्याबरोबर जो वास आला, त्याने आमच्या बाई जागीच थांबल्या. म्हणाल्या, "अहो, कुणीतरी भाकरी टाकलीय."

खरेच टाकली होती! आतल्या बाजूला सत्तरी ओलांडलेली एक आजी तव्यापाशी उभी राहून मक्याच्या पिठाच्या लहान लहान भाकऱ्या भाजत होती. त्यांना तिथे तोर्तिया म्हणतात. आमची नात तेव्हा कडेवर होती. सूनबाईंनी सांगितले की त्यांच्या भाषेत आजीला 'अबुएला' म्हणतात. त्या अबुएलाला मराठी येत नव्हते, आमच्या बाईंना स्पॅनिश येत नव्हते आणि इंग्रजीच्या बाबतीत दोघी सारख्याच. तरी अर्धा तास दोघींचे हातवाऱ्यांनी बोलणे चालले होते. त्या अर्ध्या तासात आमच्या बाई मक्याचे गुपित घेऊन आल्या.

ते गुपित सांगण्याजोगे आहे. मेक्सिकोतले लोक मका नुसता दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन वाटतात. त्याने टरफल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे होते. ही युक्ती स्पॅनिश लोक तिथे पोचण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे मुख्यतः बायकांच्या, हातात होती. पुढे मका जहाजांतून युरोपात गेला, पण चुन्याची युक्ती मागेच राहिली. 'अडाण्यांच्या' स्वयंपाकातून शिकायचे काय, असे वाटले असेल! परिणाम असा की इटलीत आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला आणि हजारो माणसे दगावली. जे ज्ञान पाट्यावर वाटणाऱ्या बाईच्या हातात असते, ते ज्ञान मानायला माणसे किती उशीर करतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तर गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो आणि त्या कोपऱ्यावर आलो तेव्हा क्षणभर चुकल्यासारखे झाले. खानावळीचे रूप पालटले होते. चार-पाच महिने बंद ठेवून सगळे नव्याने केले होते. दार रुंद झाले होते, चाकाच्या खुर्चीतला माणूसही सुखाने आत येईल असा उतार केला होता. फरशी नवी, खुर्च्या नव्या, दिवे नवे. एका भिंतीवर मक्याच्या शेतात उभ्या असलेल्या बायकांचे मोठे रंगीत चित्र. आणि स्वयंपाकघराची मधली भिंत पाडून तिथे काच बसवली होती. म्हणजे खाणाऱ्याला करणारा दिसतो आणि करणाऱ्याला खाणारा.

आमच्या बाईंनी मात्र आधी काचेतून पलीकडे पाहिले. तवा तोच होता. तव्यापाशी आजीही तीच, फक्त आता स्टुलावर बसलेली. गल्ल्याजवळ ग्वादालूपेच्या मेरीमातेची जुनी तसबीर होती, तीही जागच्या जागी. चौकट जुनी, काचेच्या कोपऱ्याला तडा गेलेला. एवढ्या नव्या भिंतीवर ती जुनी तसबीर थोडी विजोडच दिसत होती, पण दारातून येणाऱ्याला पहिली तीच दिसत होती. तिच्याकडे पाहताना आम्हाला आमच्याच घरातले काहीतरी टोचले. काय टोचले, ते पुढे सांगतो.

आजीचा नातू आता वाढप बघतो. विशीतला, हसतमुख पोरगा. त्याने नूतनीकरणाची हकीकत सांगितली. कुणीतरी शहाण्या माणसाने त्यांना सल्ला दिला की यादीतून 'मेनुदो' काढा, नव्या गिऱ्हाइकाला त्याचा वास सोसत नाही. मेनुदो म्हणजे गुराच्या वजडीचा रस्सा. वजडी साफ करून तासन् तास शिजवायची, त्यात लाल मिरचीचे वाटण आणि चुन्यात शिजवून फुलवलेले मक्याचे टपोरे दाणे घालायचे. वरून चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. शनिवार-रविवारी सकाळी मेक्सिकन माणसे सहकुटुंब येतात ती यासाठी. त्यांनी सल्ला ऐकला आणि पदार्थ काढला. पहिल्या रविवारी जुनी गिऱ्हाइके आली, यादी पाहिली, पाणी प्यायली आणि उठून गेली. आजी त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. पुढच्या आठवड्यात मेनुदो परत आला आणि तो यादीच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत.

त्या रविवारी आम्ही पाचजण होतो. आधी मक्याच्या कुरकुरीत चकत्या आणि टोमॅटो-मिरचीची चटणी आली. ती आपल्या ठेच्याची सख्खी बहीण. सख्खी म्हणण्याला आधार आहे. मिरची मूळची मेक्सिकोकडचीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. टोमॅटोही तिकडचाच, त्याचे नावदेखील तिथल्या नाहुआत्ल भाषेतले. फड्या निवडुंगाची भाजी आली तेव्हा आमच्या बाई हसू लागल्या. माहेरी बांधाच्या निवडुंगाची बोंडे काटे काढून खाल्लेली त्यांना आठवत होती, पण पानांची भाजी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. लाल अंबाडीच्या बोंडांचे थंडगार सरबत आले. नातीने तोर्तियात घेवड्याचे दाणे भरून घेतले. आणि चिरंजीवांनी स्वतः, आईकडे पाहून, डोळे मिचकावत मेनुदोचा मोठा वाडगा मागवला. लहानपणी रविवारी वजडीसाठी ताट घेऊन चुलीपुढे पहिला बसणारा तोच!

वाडगा टेबलावर आला आणि त्याच वेळी दारातून चिरंजीवांच्या ऑफिसातले एक गृहस्थ सहकुटुंब आत आले. आपल्याकडचेच, मराठी. माणूस अगदी सभ्य, हसून नमस्कार केला, आमची चौकशी केली. मग त्यांची नजर वाडग्यावर गेली.

"हे काय, सूप का? कशाचं?"

चिरंजीव म्हणाले, "नाही, नाही, आमचं नाही. वेटरनं चुकून आणलं." आणि मान वळवून त्या नातवाला इंग्रजीत म्हणाले, "हे आम्ही मागवलं नव्हतं."

तो पोरगा क्षणभर पाहत राहिला. मग त्यानेच माफी मागितली आणि वाडगा उचलून नेला. गृहस्थ आपल्या टेबलाकडे गेले. आमची नऊ वर्षांची नात सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "पण बाबा, तुम्हीच तर ऑर्डर केलं!"

कुणी काही बोलले नाही. काचेपलीकडे तो भरलेला वाडगा परत गेलेला आजीला दिसला होता. तिने रस्सा थोडा ढवळला, चमच्याने चव घेतली. आपलेच काही चुकले की काय, ते ती बघत होती.

ते आमच्या बाईंना सोसले नाही. त्या उठल्या, काचेपाशी गेल्या, वाडग्याकडे बोट केले आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. माझा आहे, द्या. आजीने तो पुन्हा गरम करून दिला. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरून टेबलावर आणला आणि सावकाश, लिंबू पिळून, संपवला. त्या गृहस्थांनी पाहिले की नाही, कोण जाणे. पाहिले असले तरी आभाळ काही कोसळले नाही.

घरी परततांना गाडीत चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, तुम्हाला कळायचं नाही. इथे आपली माणसं भेटली की दोन-तीन प्रश्नांत सगळं काढून घेतात. आडनाव काय, गाव कुठलं, व्हेज की नॉनव्हेज. मी पहिल्याच महिन्यात एकदा व्हेज म्हणून बसलो. आता सात वर्षं तेच चाललंय."

वाचकहो, बाबासाहेब 1913 साली अमेरिकेत शिकायला गेले. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत नोंदवले आहे. ती परत जागी झाली ती 1917 साली बडोद्यात, राहायला जागा मिळेना तेव्हा. त्या काळी तिकडे जातीबद्दल विचारायला आपल्याकडची माणसेच फारशी नव्हती. आज शंभर वर्षांनी जात सामानाबरोबर विमानात चढते. म्हणूनच सिएटल शहराला फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदाला बंदी करणारा कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी त्यावर सही करण्यास नकार दिला.

आणि ज्या मेक्सिकन लोकांच्या खानावळीत हे घडले, त्यांचा इतिहास तरी काय वेगळा आहे? इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्द ज्या 'कास्ता' पासून आला, तो पोर्तुगीज-स्पॅनिश शब्द. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतल्या माणसांची रक्तानुसार प्रतवारी लावली जाई आणि तिलाही कास्ताच म्हणत. अन्नाचीही प्रतवारी होती. गहू साहेबांचा, मका मूळ रहिवाशांचा. 1899 साली फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या तिथल्या विद्वानाने मानवजातीचे गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे असे तीन भाग पाडले आणि मक्यामुळेच तिथले मूळ लोक मागास राहिले, असा निष्कर्ष काढला. जमीन कुणी घेतली, शाळा कुणी बंद ठेवल्या, हे विचारायचेच नाही, दोष भाकरीचा!

कॅलिफोर्निया 1848 पर्यंत मेक्सिकोचाच मुलूख. लढाईनंतर सरहद्द सरकली आणि माणसे आपल्याच अंगणात परकी झाली. सॅन होजेच्या पूर्वेला 1950 च्या सुमारास मेक्सिकन मजुरांची एक चिखलाने भरलेली वस्ती होती. तिला 'साल सी पुएदेस' म्हणत, म्हणजे 'जमलं तर निघ बाहेर'. टेक्सासमध्ये तर हॉटेलांच्या दारावर मेक्सिकनांना मज्जाव करणाऱ्या पाट्या होत्या. उपाहारगृहात वंश-वर्णावरून कुणाला अडवता येणार नाही, असा कायदा सबंध अमेरिकेत 1964 साली झाला. आमच्या संविधानाच्या 15 व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि तो 26 जानेवारी 1950 पासून लागू आहे. पाणवठ्याइतकाच चहाचा कपही महत्त्वाचा आहे, हे महाडच्या सत्याग्रहींना ठाऊक होते. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनाही ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथला चहा घेतला.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितले होते. नीट वाचावे. महाडला 1927 च्या मार्चमध्ये त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे सांगितले. प्रश्न स्वाभिमानाचा होता. जे दुसऱ्याने फेकले ते आपण उचलायचे नाही, हा त्याचा अर्थ. आपल्या आईने धुऊन, निवडून, फोडणी देऊन केलेले अन्न चारचौघांत 'माझे नाही' म्हणायचे, हा त्याचा अर्थ खचित नाही. आपल्यात अनेकांनी शीलाचा विचार करून मांसाहार सोडला आहे. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशाबाबतचा कायदाही कडक झाला आहे. कुणी काय खावे, हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. आमचे म्हणणे एवढेच की सोडायचे असेल तर विचाराने सोडावे, लाजेने नव्हे. विचाराने सोडले तर माणूस मोकळा होतो. लाजेने सोडले तर सात-सात वर्षे खोटे बोलावे लागते, आणि एक दिवस निरपराध वेटरच्या माथी ते मारावे लागते.

पण चिरंजीवांना हे ऐकवायला आमची जीभ उचलली नाही. त्याचे कारण ती तसबीर.

2012 साली आम्ही आमच्या फ्लॅटचे नूतनीकरण केले. चाळीतल्या एका खोलीतून फ्लॅटमध्ये आलो होतोच, आता हॉल नीटनेटका करू, असे ठरले. काम पाहणारा तरुण म्हणाला, "काका, बाहेरच्या खोलीत हे फोटो भिंतीच्या रंगाला जात नाहीत. आत घ्या." आणि आम्ही, चाळीस वर्षे 14 एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरणारे आम्ही, 'बरं' म्हणालो. वडिलांनी पगारातून पैसे साठवून घेतलेली बाबासाहेबांची तसबीर शेवटच्या खोलीत, कपाटाशेजारी गेली. रंगाचे निमित्त होते. खरे कारण शेजारी. त्याच वर्षापासून वजडी किंवा सुकट शिजताना खिडक्या लावून घ्यायची पद्धतही आमच्या घरात सुरू झाली. 'लावून घे' असे सांगणारे आम्हीच. लपवायचे कसे, हे चिरंजीव अमेरिकेत शिकले नाहीत. ते घरून शिकून गेले.

अन्नाला स्वतःची अशी जात नसते. खाणाऱ्याची पत वाढली की अन्नाची वाढते. बुल्नेसने हिणवलेल्या मक्याभोवती उभ्या राहिलेल्या मेक्सिकन पाककलेला युनेस्कोने 2010 साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. आपली ज्वारी-बाजरी-नाचणी काल गरिबाची होती. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि तीच भाकरी मोठ्या हॉटेलांच्या यादीत चढली. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या आपल्या चुलीवरचे पदार्थ नावानिशी कागदावर आणले. पंक्तीत ज्यांना जागा नव्हती, त्या पदार्थांना निदान पुस्तकात जागा मिळाली. आता घरात देणे आपल्या हाती आहे.

घर नवे करावे, जरूर करावे. दार रुंद करावे, उजेड आत घ्यावा, न्हाणीघर चांगले करावे. ओलीच्या भिंतींत राहण्यात काही थोरवी नाही. 'साल सी पुएदेस' मधून बाहेर पडलेच पाहिजे. पण नवा रंग देताना भिंतीवरून काय उतरवतो आहोत आणि यादीतून काय खोडतो आहोत, ते एकदा पाहावे. त्या खानावळीत दार बदलले, फरशी बदलली, पण तवा, तसबीर आणि आजी जागच्या जागी राहिली. मेनुदो खोडण्याची चूक झाली, तीही त्यांनी आठवड्यात सुधारली. आम्हाला एक तपाहून अधिक काळ लागला.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी सुताराला बोलावून हॉलच्या भिंतीत खिळा मारून घेतला. रंगाचा थोडा टवका उडाला. तसबीर त्यावर अशी बसली की दार उघडले की पहिली दिसते. रंगाला जात नाही, हे खरेच आहे. नंतर बाईंनी वजडी शिजायला ठेवली आणि आम्ही खिडकी उघडली. शेजारच्या काकूंनी दुपारी विचारले, "आज काय विशेष?" बाईंनी सांगितले. त्या "अस्सं" म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या. एवढेच झाले.

चिरंजीवांना फोनवर हे सगळे सांगितले. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाबा, त्या मुलाची मी माफी मागून आलो." ऑफिसात काय सांगायचे, ते त्यांचे त्यांनी ठरवावे, तिथे रोज उभे त्यांना राहायचे आहे. आम्ही फक्त विचारले की आजी कशी आहे. तर म्हणाले, तव्यापाशीच असते, आणि नातीला हल्ली भाकरी थापायला शिकवते.

जयभीम!